तीन पांढऱ्या पेट्या

अर्लिन : निळा. लिहा की बाई, निळा झगा, गळ्याला पांढरी लेस. मीच शिवला होता, मला नाही माहीत तर कुणाला?

डेल्फिन : लिहिलंय, मिस अर्लिन. मागच्या खेपेलाच लिहिलंय. आज मला मिस्टर ओवीदकडून ऐकायचंय. बायको त्यांची आहे.

अर्लिन : आणि बहीण माझी. तो काय सांगणार? दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार कुत्र्याशी.

ओवीद : कुत्रं आता नाही. वादळात गेलं.

अर्लिन : मग सहाच.

डेल्फिन : मिस्टर ओवीद, काम कुठवर आलंय ते आधी सांगते. ऑगस्टच्या वादळात पाणी चढलं, थडग्यांची झाकणं उचलली गेली आणि तुमच्या दफनभूमीतून तेहतीस शवपेट्या तरंगत गेल्या. दोन अजून सापडल्याच नाहीत. दोन महिन्यांत आम्ही अठ्ठावीस ओळखून परत जागच्या जागी ठेवल्या. तीन राहिल्यात. तिन्ही पांढऱ्या, तिन्ही एकाच कारखान्याच्या, कड्यासुद्धा सारख्या. आणि माणूस परत मिळालं नाही अशी घरं पाच आहेत. तुमचं त्यातलं एक.

ओवीद : माहीत आहे.

डेल्फिन : म्हणून पुन्हा बोलावलं. यायला त्रास झाला असेल.

ओवीद : होडीनेच आलो. होडीतच राहतो.

डेल्फिन : अजून? तुम्हाला राहायला सरकारी ट्रेलर मिळाला नाही?

अर्लिन : मिळाला असता. हट्टी आहे. सगळ्या खाडीला ट्रेलर मिळाले, मला मिळाला, त्या थापाड्या क्लोव्हिसला मिळाला, त्याचं तर घर पडलंही नव्हतं. आणि हा होडीत स्टोव्हवर भात शिजवतो. विचारलं तर म्हणतो, बघू.

ओवीद : होडी बरी आहे.

अर्लिन : बघितलंत? तीन शब्द खर्च केले.

डेल्फिन : ट्रेलरचं मी नंतर विचारीन. ते माझं खातं नाही, पण विचारीन. आता पेट्यांचं. शुक्रवारी शहरातून डॉक्टर येतायत. तोवर ज्या पेटीची ओळख पटणार नाही ती उघडायची. उघडूनही कळलं नाही, तर सरकारी जागेत पुरायची. वर नाव नाही, फक्त आकडा.

ओवीद : उघडायची नाही.

अर्लिन : का नाही? उघडा म्हणते मी! झगा बघितला की तिथल्या तिथे सांगेन.

ओवीद : दोन वर्षं झाली, अर्लिन. वर हे पाणी.

अर्लिन : मी घाबरत नाही. आईला शेवटची आंघोळ मी घातली. लिओनीसलाही मीच घातली. तू बाहेर पायरीवर बसला होतास.

ओवीद : तू घाबरत नाहीस. तिचं काय? केस विंचरल्याशिवाय ती दारात यायची नाही. पाव विकणारा आला तरी थांब म्हणायची. तिला चार परक्या माणसांसमोर अशी उघडणार?

अर्लिन : मग आकडा लावणार का तिला? सोमवारी सर्व संतांचा दिवस. सगळं गाव थडगी धुऊन चुना लावणार, रात्री मेणबत्त्या लावणार. तू कुणापुढे लावणार? सरकारी जागेत जाऊन सत्तेचाळीस नंबरपुढे? तुला ती परत हवी आहे की नाही?

ओवीद : हवी आहे.

अर्लिन : मग तोंड उघड, नाहीतर पेटी उघडू दे.

डेल्फिन : मिस अर्लिन, एक मिनिट. पेटी उघडणं मलाही आवडत नाही. माझ्या आजीची पेटी अशीच गेली होती, मागच्या मोठ्या वादळात. तेव्हा हे खातंही नव्हतं. माझ्या बापाने ती स्वतः शोधली, स्वतः उघडली. त्यानंतर तो ते कधी बोलला नाही, पण मटण खायचा बंद झाला. म्हणून मी प्रत्येक घराला तीन-तीनदा बोलावते. काही ना काही निघतं. कुणी आत तंबाखूची डबी ठेवलेली असते. एका म्हातारीने नवऱ्याच्या खिशात टीव्हीचा रिमोट घातला होता, म्हणाली आता तरी मला चॅनल बदलू दे.

अर्लिन : हा, ती एर्झिली असणार.

डेल्फिन : नावं मी सांगत नाही.

अर्लिन : एर्झिलीच.

डेल्फिन : तुम्ही पेटीत काही ठेवलं होतं, मिस्टर ओवीद? आत नाही तर बाहेर? पेटीवर एखादी खूण, ओरखडा, उचलताना कुठे आपटली असेल?

ओवीद : नाही. सांभाळून नेली. सहा जण होतो.

डेल्फिन : बरं. आणखी एक विचारायचं होतं. माझ्याकडे परगण्याच्या कार्यालयाची यादी आहे, वादळाच्या आधीची. तुमच्या थडग्यापुढे लिहिलंय, 'पट्टे नाकारले'.

अर्लिन : काय लिहिलंय?

डेल्फिन : जूनमध्ये, वादळांचा जोर सुरू व्हायच्या आधी, परगण्याने घरोघर पत्र पाठवलं होतं. थडग्याचं झाकण पोलादी पट्ट्यांनी जखडून देणार, फुकट. नवऱ्याची किंवा मुला-मुलीची सही लागत होती, बस.

अर्लिन : ते मला सांगू नका, मला आलं होतं. आईच्या थडग्याचं. दुसऱ्या दिवशी सही करून दिलं. चार माणसं आली, अर्ध्या तासात जखडून गेली. पुढच्या रांगेत आई आजही आहे तिथेच आहे, चुनासुद्धा निघाला नाही. पण 'नाकारले' म्हणजे काय? ओवीद? मी तुला विचारलं होतं. जूनमध्ये, तुझ्या धक्क्यावर उभी राहून विचारलं होतं, कागद दिलास का. काय म्हणालास तू?

ओवीद : दिला म्हणालो.

अर्लिन : दिला म्हणाला! मी रोज त्या वाटेने जायचे, पट्टे अजून कसे आले नाहीत म्हणायचे. दोनदा फोन केला कार्यालयात. तिथली ती बाई म्हणाली, सही नवऱ्याची, त्यालाच बोलू द्या. मी म्हटलं, सरकारचं काम आहे, होईल सावकाश. आणि याने नकार दिला होता! का रे? भोकं पाडतील म्हणून? सिमेंट खराब होईल म्हणून?

ओवीद : मी नकार दिला नाही.

अर्लिन : इथे लिहिलंय!

ओवीद : मी कुणाला नाही म्हणालो नाही, बाई.

डेल्फिन : तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर नकार धरायचा, असं त्या पत्राच्या शेवटी होतं.

ओवीद : असं होतं?

डेल्फिन : चौथ्या पानावर.

अर्लिन : म्हणजे पत्र तसंच पडलं होतं. खेकड्यांचे सापळे दुरुस्त करायला वेळ होता, मोटारीचं तेल बदलायला वेळ होता. बायकोसाठी एक सही करायला नव्हता. त्रेपन्न वर्षं तिने तुझं केलं, ओवीद. तुझ्या बोटांतले काटे काढले. आणि तू तिला अशी मोकळी सोडलीस, सुटलेल्या होडीसारखी!

डेल्फिन : मिस अर्लिन, बसा. पाणी घ्या.

अर्लिन : पाणी बास झालं मला यंदा.

डेल्फिन : मिस्टर ओवीद, हे मी तुम्हाला दोष द्यायला विचारलं नाही. सही असती तर तुमच्या हातच्या अक्षराचा एक नमुना मला मिळाला असता. एवढ्यासाठीच.

ओवीद : अक्षर कशाला हवं?

डेल्फिन : नळीतल्या कागदासाठी. पेटीच्या पायाकडे काचेची नळी असते ना, बोटाएवढी, फिरकीच्या झाकणाची. पेटीवाला आतला कागद घरच्यांना भरायला देतो. नाव, जन्म, मृत्यू, गाव. तुमच्या अर्जात म्हटलंय, तुम्ही तो स्वतः भरला होता.

अर्लिन : अर्ज मी लिहिला, त्याला विचारून. म्हटलं, नळीतला कागद भरला होतास ना? हो म्हणाला. आता त्या 'हो'लासुद्धा किती किंमत द्यायची देव जाणे.

डेल्फिन : तर ऐका. एका पेटीची नळी तुटून गेलीय. दुसरीच्या नळीत पाणी शिरलं, कागदाचा लगदा झालाय, शाईच्या चार-दोन रेघा तेवढ्या दिसतात. तिसरीची नळी धड आहे आणि आतला कागदही सुका आहे.

अर्लिन : मग अडलंय कुठे? वाचा तो!

डेल्फिन : बघितला. पाचही घरांनी मला जे सांगितलंय, त्यातल्या एकाशीही तो जुळत नाही.

अर्लिन : म्हणजे दुसऱ्याच कुणाची. वरच्या गावातली वाहत आलेली.

डेल्फिन : तसंच धरावं लागेल. शुक्रवारी ती पेटी सगळ्यात आधी उघडतील, आणि तिच्यावर कुणाचा हक्क नाही म्हणून पहिला आकडा तिलाच मिळेल.

ओवीद : काय आहे त्या कागदावर?

डेल्फिन : ते मला सांगता येत नाही. मी सांगायचं आणि तुम्ही मान हलवायची, त्याला साक्ष म्हणत नाहीत.

ओवीद : ती पेटी सापडली कुठे?

डेल्फिन : तेही नाही सांगता येत.

ओवीद : पहिलीच उघडणार?

डेल्फिन : हो. सकाळी आठला.

ओवीद : बाई, अर्लिनला जरा कॉफी आणायला पाठवा.

अर्लिन : कॉफी त्या कोपऱ्यात आहे, थर्मासमध्ये. तुझ्या हाताला लागेल एवढी जवळ.

ओवीद : मग बाहेर जा जरा.

अर्लिन : जाणार नाही. लिओनीसबद्दल जे काही बोलायचंय ते माझ्यासमोर बोल. एकदा धक्क्यावर उभी राहून फसले, आता बसून ऐकते.

ओवीद : अर्लिन, ऐक माझं.

अर्लिन : नाही.

डेल्फिन : मिस्टर ओवीद, त्यांना मी जबरदस्तीने बाहेर काढू शकत नाही. हवं तर आपण दोघं बाहेर जाऊ.

अर्लिन : मी मागे येईन.

ओवीद : येशील. तू येशीलच. तर मग बस. बाई, तो कागद रिकामा आहे.

डेल्फिन : कुठला?

ओवीद : नळीतला. त्यावर काही नाही. पेटीवाल्याने छापलेल्या चार रेघा असतील, बाकी काही नाही. मी भरला नाही. मला लिहिता येत नाही.

अर्लिन : काय येत नाही?

ओवीद : लिहिता. वाचताही येत नाही.

अर्लिन : काहीतरीच काय बोलतोस? दर रविवारी चर्चमध्ये गाण्यांचं पुस्तक धरतोस तू!

ओवीद : धरतो.

अर्लिन : पानं उलटतोस!

ओवीद : ती उलटायची तेव्हा मी उलटायचो. आता पुढच्या बाकावरचा टिलमन उलटतो तेव्हा उलटतो.

अर्लिन : आणि ओट्यावर बसून पेपर वाचायचास, तो?

ओवीद : चित्रं बघायचो. हवामानाचा नकाशा कळतो. वादळाचं चाक कुठे आहे ते दिसतं.

अर्लिन : पण सही करतोस तू. चर्चच्या वहीत केलेली मी बघितलीय. लग्नाच्या वहीतही.

ओवीद : ती तिने शिकवली. लग्नाच्या आधीचा महिनाभर. दोरीची गाठ शिकवतात तशी. वर, मग खाली, मग वळसा. त्यातलं अक्षर कुठलं, ते आजही सांगता येणार नाही.

डेल्फिन : शाळा?

ओवीद : गोऱ्यांच्या शाळेत आम्हा खाडीच्या लोकांना घेत नव्हते. मिशनची शाळा होती, ती वर, खाडीच्या तोंडापासून दीड तास वल्हवत. दोन हिवाळे गेलो. फ्रेंच बोललो की मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावायचे, आणि मला दुसरं काही बोलता येत नव्हतं. तिसऱ्या वर्षी बापाने होडीवर घेतलं. अर्लिन आणि लिओनीस शाळेच्या समोर राहायच्या. त्या शिकल्या.

अर्लिन : त्रेपन्न वर्षं. आणि मला माहीत नाही. ती मला सगळं सांगायची. तिच्या दुखण्याखुपण्याचं, तुझ्या दारूचं, सगळं. हे का नाही सांगितलं?

ओवीद : मी शपथ घातली होती. लग्नाच्या आधी.

अर्लिन : कुणाला कळलं असतं म्हणून एवढं?

ओवीद : तुला. तू तेव्हापासून अशीच होतीस.

अर्लिन : तरीच! तरीच तिच्याबरोबर हॉटेलात गेलं की म्हणायचास, ती घेईल तेच मला. आम्ही म्हणायचो, काय प्रेम आहे.

ओवीद : ती भेंडीचा रस्सा मागवायची. मला भेंडी आवडत नाही.

अर्लिन : आणि पन्नास वर्षं खाल्लीस?

ओवीद : खाल्ली.

डेल्फिन : मिस्टर ओवीद, मला थोडं कठोर व्हावं लागेल. जुळत नाही असं मी म्हणाले, त्यावरून रिकामा असेल असा अंदाज कुणीही करू शकतं. उद्या दुसरं घर येऊन हेच म्हणेल. मला आणखी काही द्या. तो कागद हातात आला तेव्हा काय झालं, ते सगळं सांगा.

ओवीद : पेटीवाल्याने कागद दिला, पेन दिलं. म्हणाला, घाई नाही, आणि फोन आला म्हणून आत गेला. मी बसलो. आधी वाटलं, अर्लिनला बोलवावं. ती आत लिओनीसचे केस करत होती. मग वाटलं सही करावी, तेवढी येते. पेन टेकवलंही होतं. पण ती सही म्हणजे माझं नाव. ती मेली आणि पेटीवर नाव माझं? लोक म्हणतील ओवीद मेला. मला तसं चाललं असतं म्हणा. पण तिला कुणी ओवीद म्हणून हाक मारायला नको. मग पेन ठेवलं.

डेल्फिन : टेकवलं होतं म्हणालात.

ओवीद : ठिपका पडला असेल. निळ्या शाईचा. वरच्या रेघेच्या सुरुवातीला.

डेल्फिन : मग?

ओवीद : मग कागदाची तीन वेळा घडी घातली, बिडीसारखा गुंडाळला आणि नळीत घातला. झाकण ढिलं होतं. आटे नीट धरत नव्हते. पेटीवाला म्हणाला, चालतं. मी म्हटलं, पाणी जाईल. खिशात जाळं विणायचा दोरा होता, डांबर लावलेला. आट्यांत दोन वेढे घातले आणि पिळून बसवलं, कडक. वर टोक राहिलं ते दाताने तोडलं. लिहिता आलं नाही, निदान सुकं तरी राहू दे म्हटलं.

(डेल्फिन पाकिटातून एक फोटो काढून टेबलावर ठेवते.)

अर्लिन : हा दोरा. हा काळा दोरा त्याच्याच जाळ्याचा. बाई, ठिपकासुद्धा आहे.

डेल्फिन : हा फोटो मी आजवर एकाही घराला दाखवलेला नाही. दीड महिना मला कळत नव्हतं, झाकणात दोरा कुणी घातला आणि का. तीन नळ्यांमधली एवढी एकच सुकी राहिली, मिस्टर ओवीद.

ओवीद : मग ती हीच?

डेल्फिन : हीच. दलदलीत सापडली. गवतावर टेकून राहिली होती, एका बाजूला कललीसुद्धा नव्हती. ही उघडायची नाही. डॉक्टरांना मी आजच कळवते.

ओवीद : कुठल्या गवतावर? त्या पडक्या पंपाच्या पलीकडे?

डेल्फिन : हो, त्याच बाजूला.

ओवीद : तिथे आम्ही दोघं कातड्यासाठी कस्तुरी उंदरांचे सापळे लावायचो, लग्न नवं असताना. तिथे जमीन आहे खाली. बरं झालं. तिथे ती घाबरली नसेल.

अर्लिन : ओवीद.

ओवीद : बोल. काय बोलायचंय ते बोल. पत्र आलं तेव्हा मी ते कपाटावर ठेवलं, बाकीच्यांच्या वर. ती होती तेव्हा सकाळी कॉफीबरोबर मोठ्याने वाचायची. सरकार आज काय म्हणतंय बघू, म्हणायची. वादळाचं असलं की दोनदा वाचायची. ती गेली आणि सरकार माझ्याशी बोलायचं बंद झालं. तुला दिला म्हणालो, कारण तू धक्क्यावर उभी होतीस, शेजारी टिलमनची पोरं होती. मनात म्हटलं, पाद्रीबाबा आले की त्यांच्याकडून वाचून घेईन. ते आजारी पडले, मग मासेमारीचा हंगाम लागला. ती वाहून गेली ती माझ्यामुळे. हे मला तू सांगायला नको.

अर्लिन : मी सांगत नाहीये.

ओवीद : मघाशी सांगत होतीस.

अर्लिन : मघाशी मला माहीत नव्हतं. त्या दिवशी मी धक्क्यावरून ओरडून विचारलं. आत आले असते, कॉफी मागितली असती, तर कपाटावरचा ढीग मलाही दिसला असता. पण तिच्या स्वयंपाकघरात ती नाही, म्हणून दोन वर्षं मी तुझ्या घरात पाऊल टाकलं नाही. आणि ट्रेलरचं पत्रही त्या ढिगातच असेल ना?

ओवीद : घर गेलं, कपाटही गेलं. नंतरची पत्रं होडीत आहेत. खेकड्यांच्या टोपलीत.

डेल्फिन : उद्या ती टोपली इथे घेऊन या. सगळी. काहींची मुदत संपली असेल, काहींची मी वाढवून घेऊ शकते. ट्रेलरचं मी स्वतः उद्या बोलते.

अर्लिन : टोपली मी आणते. रोज सकाळी येईन, पण कॉफी तू करायचीस. तुझी कॉफी म्हणजे डांबर असतं, पण कर.

ओवीद : रोज नको. एक दिवसाआड.

अर्लिन : रोज.

डेल्फिन : मिस्टर ओवीद, मलाही एक सांगायचंय. त्या यादीत तुमच्यासारखी साठ थडगी आहेत, 'नाकारले' म्हणून. वरच्या बैठकीत आम्ही म्हणालो, या खाडीच्या लोकांना जुन्या थडग्यांना हात लावलेला आवडत नाही. त्यावर एक टिपणही तयार झालं. एकालाही वाटलं नाही की होडी घेऊन जावं आणि विचारावं. टिपण मीच लिहिलं होतं.

ओवीद : तुम्हाला काय माहीत, बाई.

डेल्फिन : माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत आहे असं लिहिलं.

अर्लिन : ते टिपण परत लिहा.

डेल्फिन : लिहिणार आहे. सोमवारच्या आधी, शनिवारी दुपारी आम्ही त्यांना परत आणतो. पट्टे त्याच दिवशी लागतील, माणसं मी बोलावते. तुम्ही दोघं हजर राहा. पाद्रीबाबांना सांगायचं असेल तर सांगा.

ओवीद : चुना मी आणतो. शनिवारी लावला की सोमवारपर्यंत सुकेल.

डेल्फिन : आणि ही नवी नळी. हिचे आटे चांगले आहेत, तरी दोरा घालायचा असेल तर घाला. हा कागद. तुम्ही सांगा, मिस अर्लिन लिहितील.

अर्लिन : द्या. ठळक काढते. लिओनीस मारी व्हर्डिन. मार्च नऊला जन्म, ते मी लिहिते. गेली ती ऑक्टोबरच्या चौदाला. गाव, खाडीचं नाव. झालं. ओवीद, खाली दोन रेघा उरल्यात. लोक इथे 'प्रिय पत्नी' वगैरे लिहितात.

ओवीद : ते तिला माहीत आहे. ती जागा दुसऱ्या कामाला घे.

अर्लिन : कशाला?

ओवीद : पुढचं वादळ येणारच. पट्टे राहतील, नाही राहतील. लिही, "ही सापडली तर."

अर्लिन : "ही सापडली तर." पुढे?

ओवीद : "पत्र पाठवू नका. घरी येऊन सांगा."